रमाकांतची चौकशी

रमाकांत सामंतला मी पन्नास वर्षं ओळखतो. त्यातली निदान पाच तरी त्याने कुठल्या ना कुठल्या दुकानाबाहेर उभं राहून घालवली असतील. गिरगावात आमच्या खोल्या समोरासमोर. तो दादरच्या एका विमा कचेरीत खरेदी विभागात होता. तिथे टाचण्यांचा डबा घ्यायचा झाला तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची पद्धत. नोकरी संपली, पद्धत काही सुटली नाही. घरात पंखा घ्यायचं ठरलं तेव्हा चौकशी फेब्रुवारीत सुरू झाली आणि पंखा आला गणपतीत. तो सगळा उन्हाळा कालिंदीवहिनी वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत बसल्या, आणि वर आम्हालाच सांगायच्या, "उशीर लागेल, पण चांगलाच आणतील हो ते." मला त्यांचाच राग यायचा. बाईने एकदा तरी आदळआपट करायला हवी होती.

त्यांना मूलबाळ नव्हतं. आमची चाळ पाडून टॉवर व्हायचा ठरला तेव्हा मी माझ्या भावाकडे माहीमला गेलो आणि हे दोघं भाड्याने बदलापूरला. चौदावा मजला, खाली बाग, घसरगुंड्या, फाटकावर 'कुटुंबांसाठी आदर्श वसाहत' असा फलक. गिरगावात वहिनी गॅलरीतून वाकून हाक मारायच्या आणि खालून गरम वडा वर यायचा. तिथे चौदाव्या मजल्यावरून हाक कुणाला मारणार? शनिवारी संध्याकाळी मात्र लिफ्टमधून चपटी खोकी वर यायची, शेजारच्या दारांतून आत जायची आणि मजलाभर वास सुटायचा.

"आपणपण एकदा पिझ्झा मागवूया की," वहिनी म्हणाल्या.

"मागवू," रमाकांत म्हणाला. "आधी चांगला कुठे मिळतो ते बघतो."

झालं. चौकशी सुरू झाली. त्याने वॉचमनला विचारलं, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शाळकरी पोरांना विचारलं, औषधाच्या दुकानदारालाही विचारलं. सकाळचं फिरणं सोडून संध्याकाळी दुकानांच्या काचेबाहेर उभं राहायला लागला. खिशात छोटी डायरी, तीत प्रत्येक दुकानाला नंबर. दर रविवारी मला फोन करून अहवाल द्यायचा.

"अण्णा, चार नंबर रद्द. पोरांचे वाढदिवस चालू असतात, काय तो गोंगाट. तिचं डोकं उठेल. सात नंबर बरं वाटतंय, भट्टी स्वच्छ आहे. पण बसायला जागा नाही रे, आणि तिचे गुडघे असे."

"मग घरी मागव."

"घरी येईपर्यंत गार होतो. विचारून घेतलं मी."

"अरे, एक तरी खाऊन बघितलास का?"

तो म्हणाला, "तिच्याआधी मी कसा खाऊ?"

मी फोन ठेवून दिला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

चौदा महिने झाले, अकरा दुकानं झाली. अकरातली त्याने तीन निवडली होती. त्या तीनमधून एक ठरवायचं, एवढंच राहिलं होतं. आणि एका मंगळवारी सकाळी चहा गाळता गाळता वहिनी ओट्यापाशी खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

दहाव्याचे विधी आम्ही गिरगावाजवळच्या बाणगंगेला केले. रमाकांत स्वतःच करत होता. बाकी मी, त्याचा पुतण्या ध्रुव आणि चाळीतली चार जुनी माणसं. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून बसलो. समोरच्या भिंतीवर पाचसहा कावळे होते. एकही खाली येईना.

आमच्याआधी बसलेल्यांच्या पिंडाला कावळा शिवला आणि ते आंघोळीलाही गेले. आम्ही तसेच. ध्रुवने पिंडाजवळ चहाचा कप ठेवला, वहिनींना चहा लागायचा म्हणून. मग कुणीतरी जाऊन साबुदाणा वडा आणला. कुणी म्हणालं, जीव टॉवरातल्या नव्या घरात अडकला असेल. तर रमाकांतने हात जोडून सांगितलं, "नव्या घरात तुझा फोटो पहिल्यांदा लावीन." कावळे भिंतीवरच. ऊन चढायला लागलं. माझा या प्रकारावर विश्वास नाही, हे मी चाळीत सगळ्यांना ऐकवत आलोय. पण त्या दिवशी मीसुद्धा त्या भिंतीवरून नजर हलवली नाही.

शेवटी गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. चालतं तसं. माझी पुढची मंडळी येऊन बसलीयेत."

"नाही," रमाकांत म्हणाला. एवढा मोठा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "तशी उपाशी नाही पाठवायची तिला. गुरुजी, हात जोडतो, अर्धा तास द्या." मग माझ्याकडे वळला. "अण्णा, मला माहितीये तिला काय हवंय."

मलाही माहीत होतं, आणि ध्रुवलाही. ध्रुवने फोन काढला. "काका, कुठला मागवू?"

आणि रमाकांतने कनवटीची डायरी काढली. ओल्या धोतरात बसून, बोटाला थुंकी लावून तो पानं उलटायला लागला. सात नंबर. नऊ नंबर. पुन्हा सात. पानं दोन दोन उलटत होती. ध्रुव हळूच म्हणाला, "काका, ही सगळी बदलापूरची दुकानं आहेत. तिथून यायला दोन तास लागतील. इथला सांगा ना कुठला तरी."

"इथलं मला काहीच माहीत नाही रे," रमाकांत म्हणाला. "इथली चौकशीच केली नाही मी." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि पोटाशीही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. नुसता बघत राहिलो.

जरा वेळाने त्याने डायरी मिटली. "कुठलाही आण," तो म्हणाला. हा शब्द पन्नास वर्षांत मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

ध्रुव टॅक्सीने गेला आणि अर्ध्या तासात चपटं खोकं घेऊन आला. दुकान नुकतंच उघडत होतं म्हणाला. गुरुजींनी खोक्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता बाजूला झाले. रमाकांतने एक तुकडा सोडवून पिंडाशेजारी ठेवला. "कालिंदी, फार उशीर केला मी," एवढंच म्हणाला.

एक कावळा उतरला. पिंडाभोवती फिरला, तुकड्याला वळसा घातला, भाताला चोच मारली आणि उडून गेला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "शिवला, शिवला," करत माणसं उठली. गुरुजींनी पुढच्या मंडळींना हात केला. रमाकांत तिथेच, त्या तुकड्याकडे बघत.

"अण्णा, पिझ्झाला नाही शिवला," तो म्हणाला. "म्हणजे हा चांगला नव्हता का रे?"

मी खोक्यातला एक तुकडा घेतला आणि चावला. गार झाला होता, चिवट लागत होता. "चांगला आहे," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून त्याने माझ्या हातातला अर्धा तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. सावकाश चावत राहिला. गिळला. डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"चांगला नाहीये," तो म्हणाला. "पण तिला आवडला असता. अण्णा, तिला कुठलाही आवडला असता."