बाबांची बाग आणि मामाचा कोयता

रत्नागिरीत थंडी पडते असा रत्नागिरीकरांचा समज आहे. डिसेंबर उजाडला की अख्खं गाव कानाला मफलर गुंडाळून "काय गारठा आहे!" म्हणत फिरायचं आणि दुपारी त्याच मफलरने घाम पुसायचं. माझे बाबा घाटावरचे. ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कॉलेजला जायचे आणि सगळ्यांना हसायचे.

बाबा वनस्पतिशास्त्र शिकवायचे. कॉलेजच्या मागे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, त्यांची बाग होती. कागदोपत्री ती कॉलेजची, पण कातळात सुरुंग लावून खड्डे पाडणं, खालून माती आणून ते भरणं, उन्हाळाभर पाणी घालणं हे सगळं ते लग्नाच्या आधीपासून करत होते. आई तिला सवत म्हणायची. ऐन, किंजळ, सुरंगी, काटेसावर, शिवाय घाटातून आणलेली कितीतरी झाडं, आणि प्रत्येकापुढे लॅटिन नावाची पाटी. भोवती चिऱ्यांचा गडगा आणि पार टोकाला जाळीच्या भिंतींचं नेच्यांचं घर. बाग बघायला आलेला प्रत्येक जण झाडाकडे बोट करून विचारायचा, "ह्याला लागतं काय?" बाबा लॅटिन नाव सांगायचे. माणूस जरा वेळ वाट बघायचा आणि घरी जायचा.

मला ती बाग थंडीतच आवडायची. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तेही कलाशाखेत, म्हणजे बाबांच्या लेखी वाया गेलेली. सकाळचा तास बुडवून मी गडग्यावर जाऊन बसायची. चाफा बोडका झालेला असायचा, त्याच्या जाड राखाडी फांद्या आईच्या अंबाड्यातल्या आकड्यांसारख्या वाकड्यातिकड्या. काटेसावरीने पानं टाकली की तिच्या खोडावरचे काटे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसायचे. शेजारच्या आंब्याच्या कलमांवरून मोहोराचा वास यायचा. बाकी बाग मात्र थंडीतही हिरवीगच्च, आत शिरलं की पुढची वाट दिसायची नाही.

बाबांना त्याचंच दुःख होतं. त्यांच्याकडे विलायती बागांची जाडजूड पुस्तकं होती. बर्फ पडलेला, झाडं उघडी. "पानं झडली की बागेची बांधणी दिसते," असं म्हणून ते सुस्कारा सोडायचे. आमच्या बागेला काही बांधणी आहे यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता.

त्या वर्षी संस्थेच्या मंडळाच्या मनात आलं, की एवढी जागा झाडांनी अडवून ठेवण्यापेक्षा तिथे सायकल स्टँड करावा. रविवारी मंडळी जागा बघून निर्णय घेणार होती. बाबांनी भाषण तयार केलं आणि जेवताना आम्हाला ऐकवलं. त्यात 'जैविक वारसा' आल्यावर मला हसू फुटलं. बाबा ताटावरून उठले. हात धुताना त्यांचा चेहरा दिसला आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. ही बाग गेली तर हा माणूस करणार काय? मला खरंच भीती वाटली.

अशात गुहागरकडून मामा आला, कुळीथ आणि नारळ घेऊन. शनिवारी बाबांना परीक्षा घ्यायला चिपळूणला जायचं होतं. निघताना ते मामाला म्हणाले, "उद्या मंडळी येतील. बाग जरा नीटनेटकी करून ठेवाल का?"

मामाने ठेवली. भाताची रोपं टाकायची जमीन आमच्याकडे आधी भाजून घेतात. त्यासाठी थंडीत ऐन-किंजळीचे टहाळे तोडून वाळवतात. त्याला कवळ तोडणं म्हणतात. मामाच्या गावात थंडीत न तोडलेला ऐन म्हणजे आळशी माणसाची खूण. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर बागेत झाडांच्या जागी नुसते खांब उभे, मधे भाऱ्यांची रास, आणि प्रत्येक खांबापुढे लॅटिन पाटी व्यवस्थित पुसलेली.

"मामा, हे काय केलंस!"

"काय म्हंजे? येवड्या ऐनांना कोनी कोयता लावला नाय! भावजींना येळ नसंल, म्हनून मीच उरकलं. बग बाय, कसं मोकळं वाटतंय."

बाबा येताना दिसतात का बघायला मी प्रयोगशाळेच्या वरच्या गॅलरीत धावले आणि तिथेच थांबले. खाली गडग्यापासून नेच्यांच्या घरापर्यंत एक रुंद वाट गेली होती. दोन्ही बाजूंनी तिला बारीक वाटा फुटल्या होत्या आणि गडगा त्यांच्याभोवती वळून टोकाला निमुळता झाला होता. सबंध सड्यावर पिंपळाचं पान काढलेलं होतं.

बाबा शेजारी येऊन उभे राहिलेले मला कळलंही नाही. मी म्हटलं, "तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"झाडं लहान होती तेव्हा दिसायचं," ते म्हणाले. "तेव्हा बघायला कुणी नव्हतं. मग झाडं वाढली." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मामाला शिव्या घालायचं राहूनच गेलं.

रविवारी मंडळी आली. गॅलरीत कुणी चढलं नाही. अध्यक्ष सरळ भाऱ्यांपाशी गेले, एक टहाळा मोडून बघितला आणि विचारलं, "सर, हे भारे कुणी आधीच मागून ठेवलेत का?" दुसऱ्या सभासदाचीही शेती होती, तिसऱ्याच्या भावाची होती. बराच वेळ वाद झाला, तो सायकल स्टँडचा नव्हता. शेवटी ठरलं, की बाग राहावी आणि दरवर्षी कवळ मंडळाच्या सभासदांनी आळीपाळीने न्यावी. भाषण बाबांच्या खिशातच राहिलं.

पुढे दर थंडीत मामा कोयता घेऊन यायचा. बाबा घरात दार लावून बसायचे, तोडण्याचा आवाज त्यांना ऐकवत नसे. त्यांचे ऐन पुन्हा कधी भरदार झाले नाहीत. मग एका वर्षी मामाचा पाय मोडला. मला वाटलं, सुटले बाबा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मफलर गुंडाळून, कोयता कमरेला लावून बाबाच ऐनावर चढलेले, आणि खाली आई त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. दुपारपर्यंत त्यांनी एकेक फांदी उतरवली. हाताला फोड आले होते. तसेच ते गॅलरीत गेले आणि तिथून मला हाक मारली.

"अगं, लवकर ये वर. पान दिसतंय."