ग्रंटल्ड खिडकी

माझे मामा पाणीपुरवठा ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर सत्तावीस वर्षं बसले. त्यातली नऊ वर्षं मी शेजारच्या टेबलावर टायपिंग केलं, म्हणून सांगते, तक्रार लिहून घेणं हा पोरखेळ नव्हे. मामा आधी माणसाला स्टुलावर बसवायचे, सगळं ऐकायचे आणि मग तीनदा विचारायचे, "अजून काही?" पहिल्यांदा नळ निघायचा, दुसऱ्यांदा शेजारी. खरं दुखणं तिसऱ्या खेपेला. मामा पेन उघडायचे ते त्यानंतरच.

मग नवे साहेब आले. त्यांना इंग्रजी शब्दांचं भलतंच वेड. आम्हाला रांगेत उभं करून त्यांनी शिकवलं की इंग्रजीत नाराज माणसाला डिसग्रंटल्ड म्हणतात. शब्द जुना. पुढे कुणीतरी गंमत म्हणून त्याचं 'डिस' उडवलं आणि ग्रंटल्ड असा नवाच शब्द केला, म्हणजे खूष. साहेब म्हणाले, आपणही नागरिकांचं 'डिस' उडवायचं. लगेच पाटी लागली, 'ग्रंटल्ड कक्ष'. तक्रारवही कपाटात गेली, समाधानवही बाहेर आली. सही करा आणि चालू लागा.

मामांनी घरी जाडजूड शब्दकोश उघडला. मूळ ग्रंटल म्हणजे कुरकुरणं, आणि ते 'डिस' नुसतं जोर द्यायला. म्हणजे उडवलं तरी कुरकुर आपली जागच्या जागी. पण निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस साहेबाच्या नादी लागत नाही. मामांनी शब्दकोश मिटला.

लोक सही करत आणि बाहेर जाऊन शिव्या घालत. साहेबांनी झोकात अहवाल पाठवला, तक्रारी शून्य. वरून शाबासकीऐवजी पत्र आलं. तक्रारीच नाहीत तर खिडकी हवी कशाला? एकतीस तारखेला एकही तक्रार प्रलंबित नसेल, तर कक्ष बंद. मामा तळघरातल्या दप्तरखान्यात, आणि कक्षप्रमुख म्हणून साहेबांचं पदही रद्द. मामांचे ते गुडघे आणि तळघराच्या बावीस पायऱ्या. मला रडूच कोसळलं.

एकतीसला दुपारी साहेब स्वतः खिडकीशी आले. मामांनी स्टूल पुढे केलं आणि कपाटातून जुनी वही काढली. साहेब म्हणाले, वरच्यांनी अन्याय केला. मामांनी विचारलं, अजून काही? ऑफिसात सगळे मागून हसतात. अजून काही? बढती तीनदा हुकली.

"अजून काही?"

साहेबांनी पाटीकडे बोट दाखवलं. "घरी गेल्यावर आज काय झालं, हे कुणी विचारत नाही. म्हणून शब्द पाठ करत बसतो."

मामांनी पेन उघडलं. अक्षर न् अक्षर लिहून घेतलं, सही घेतली, शेऱ्यात लिहिलं, प्रलंबित.

खिडकी वाचली. पाटी साहेबांनीच उतरवली. मामा निवृत्त झाले, आता तिथे मी बसते. वरून दर महिन्याला विचारणा येते, त्या तक्रारीचं काय झालं? मी साहेबांना बोलावून स्टुलावर बसवते आणि विचारते, घरी कुणी विचारलं का. ते मानेनंच नाही म्हणतात, आणि मी पुन्हा टाइप करते, प्रलंबित.