समुद्राला समोरचा घाट नसतो

मुलानं आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला क्रूझची तिकिटं पाठवली, तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला, "परत करता येतात का रे?" मला पाण्याचं वावडं आहे. चाळीस वर्षं उज्जैनमध्ये संसार केला, पण एक वेळ सोडली तर शिप्रेत घोट्याच्या वर कधी गेले नाही. पर्वणीलासुद्धा लोट्यानं डोक्यावर पाणी घेते आणि तेवढ्यात पुण्य उरकते.

ह्यांचं सगळं उलट. बँकेत हे पोटापुरते होते, बाकी सगळे शिप्रेच्या रामघाटावरचे. माधव नगरातली निम्मी पोरं ह्यांनीच पोहायला शिकवली. पद्धत ठरलेली होती. पोराच्या कमरेला ट्यूब बांधून मित्रानं त्याला रामघाटाच्या पायरीवरून सोडायचं आणि सोबत पोहायचं, आणि आपण आधीच नदी पार करून समोरच्या घाटावर उभं राहून ओरडायचं, "पानी को मत देख, मेरेको देख!" लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हा प्रयोग माझ्यावरही झाला होता. मी पाण्याकडेच बघितलं आणि किंचाळत जी वर आले, ती आजतागायत वरच आहे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, चाला, पोहा, फक्त पाण्यात एकटे उतरू नका. ते ऐकायला मी शेजारच्या खुर्चीत होते. हे मात्र घाटावर रोज जायचे आणि कोरडेच परत यायचे. मित्रांना वाटत होतं डॉक्टरांनी मना केलंय, आणि ह्यांनी तसंच वाटू दिलं. मीही कधी तोंड उघडलं नाही. ज्या माणसाच्या अंगाला आयुष्यभर नदीचा वास यायचा, तो पायरीवर टॉवेल मांडीवर घेऊन बसायचा. मी चिडायचे, पण ते भाजीवर, गॅसवर, असं.

तिकिटं आली आणि ह्यांनी घाटावर जाहीर करून टाकलं, "आता शिप्रेत काय तैरायचं, तिच्यात पण पाइपनं सोडलेलं नर्मदेचंच पाणी. मी तर बाबा समुद्रात तैरणार!" मित्रांनी टाळ्या दिल्या. एकानं व्हिडिओ पाठवायचं वचन घेतलं. म्हणजे आपल्याच हातानं गळ्यात धोंडा बांधून घेतला.

क्रूझवर समुद्र फक्त बघायला असतो. आम्ही आठव्या मजल्यावर, तो खाली कुठेतरी. जहाजावर पोहायचा तलाव होता, पण ह्यांनी त्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "हे तर पातेलं आहे." मी हसले, पण मनात म्हटलं, बहाणे सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज गोव्याला मुरगाव बंदरात लागलं. लख्ख ऊन होतं. बाकी मंडळी बसनं देवळं, चर्च आणि काजूची दुकानं करायला गेली. आम्ही टॅक्सी करून जवळच्याच बोगमाळोच्या किनाऱ्यावर उतरलो. तीनपर्यंत जहाजावर परतायचं होतं. माझ्या पिशवीत शेवेचा पुडा, ह्यांच्या गोळ्या आणि भैरवगढची लाल छापाची चादर होती. आमच्याकडे ही चादर घेतल्याशिवाय कुणी प्रवासाला निघत नाही. अंथरायला होते, पांघरायला होते, तान्हं बाळ असलं तर गुंडाळायला होते.

वाळूत दोन झेंडे रोवले होते. जीवरक्षक पोरगा शिट्टी गळ्यात घालून आला आणि म्हणाला, "अंकल, दो झंडों के बीच में. आगे नहीं जाने का." हे म्हणाले, "बेटा, हम उज्जैन के हैं." जणू त्यात सगळं आलं.

चड्डी घालून हे पाण्यात शिरले. घोटा, गुडघा, मांडी. तिथे थांबले. मी मोबाइल धरून उभी. एक लाट आली, गेली. दुसरी आली. हे नुसते समोर बघत उभे. दहा मिनिटं झाली. मग हे वळून बाहेर आले आणि चादरीवर बसले.

"पाणी गार आहे," म्हणाले.

"गोव्याचं?" मी म्हटलं. "माघात शिप्रेत उतरायचात ते काय गरम करून ठेवलेलं असायचं?"

ह्यांनी शेवेचा पुडा उघडला, पण शेव खाल्ली नाही. मग हळूच म्हणाले, "पलीकडे काहीच नाही गं. नदीत कसं, दम लागला तरी समोरची पायरी दिसते. माणूस तिच्याकडे बघत हात मारतो. इथे बघायचं कुठे? आणि मध्येच हे गडबडलं तर?" हात छातीवर होता.

दोन वर्षांत पहिल्यांदा हे मला 'भीती वाटते' असं म्हणाले, तेही तो शब्द न वापरता. मला रडू आलं आणि त्याचाच मला राग आला. मी उठले आणि ह्यांच्या खालची चादर ओढून घेतली.

"अगं, काय करतेस?"

"त्या दुसऱ्या झेंड्यापाशी जाऊन उभी राहते. तुम्ही आडवे या, काठाकाठानं. समुद्राला समोरचा घाट नसतो, तर नसू दे."

जीवरक्षकाला सगळं सांगितलं. तो बिचारा आपली तरंगती फळी घेऊन ह्यांच्या बाजूनं पाण्यात शिरला. मी दुसऱ्या झेंड्याशी गेले, घोटाभर पाण्यात उभी राहिले आणि चादर दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. आमच्या जहाजावरची दोन जोडपी तिथे आली होती, त्यांनी माझे फोटो काढले. काढोत.

हे छातीभर पाण्यात गेले आणि पडले एकदाचे. पहिले चार-सहा हात सुरेख पडले. मग एका लाटेनं ह्यांना वर उचललं, तिच्याआड डोकं दिसेनासं झालं. दिसलं तेव्हा हे थांबून पाय मारत होते आणि खाली, पाण्याकडे बघत होते. ती नजर मी ओळखली. ती माझी होती, चाळीस वर्षांपूर्वीची.

मग मी ओरडले. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण असा आवाज वर्गातसुद्धा कधी काढला नव्हता. "पानी को मत देखो! मेरेको देखो! अहो, मेरेको देखो!"

ह्यांनी मान वर केली. लाल चादर दिसली असावी. एक हात उचलला, मग दुसरा. मी ओरडतच होते. मध्ये ह्यांचा वेग मंदावला की मी चादर आणखी जोरानं हलवायचे. जीवरक्षक हसत होता की घाबरला होता, कोण जाणे. शेवटी एक ओला हात आला आणि चादरीचं टोक पकडलं. हे धापा टाकत होते, हसत होते, डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, "छातीत दुखतंय का?" हे म्हणाले, "अगं, तू कुठे उभी आहेस ते तर बघ."

मी खाली बघितलं. मी कमरेच्या वर पाण्यात होते. साडीच्या निऱ्या फुगून तरंगत होत्या. आत कधी चालत गेले, मला आजही आठवत नाही. मग मात्र मी जी किंचाळले, की ह्यांनाच मला धरून बाहेर आणावं लागलं.

व्हिडिओ अर्थातच निघाला नाही. मोबाइल वाळूत पिशवीपाशी पडून राहिला होता.

घरी परतल्यावर दुसऱ्या सकाळी मीही ह्यांच्यासोबत रामघाटावर गेले. मी वरच्या पायरीवर चपला सांभाळत बसले. खाली मित्रांनी ह्यांना घेरलं. व्हिडिओ नाही म्हटल्यावर एकानं खोचकपणे विचारलं, "तो भैया, समंदर का दूसरा किनारा कितना दूर था?"

ह्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून त्याच्याच हातात दिला.

"दूर था," हे म्हणाले, "पर आधे रास्ते वो खुद चलके आ गया." आणि पायरीवरून शिप्रेत उडी मारली.