पिळलेला पंख

दुकानातलं लॅमिनेशनचं यंत्र तापलं की गरम प्लॅस्टिकचा वास सुटतो आणि मी तंजावरच्या आमच्या जुन्या माडीवर जाऊन पोचतो.

परदेशी माल तेव्हा नुकताच दिसू लागला होता. माझा मोठा भाऊ, अण्णा, रिमोटवर उडणारं विमान बांधत होता. लाकडी सांगाड्यावर चढवायची हलकी, तापली की आखडणारी लाल फिल्म मी मद्रासहून आणली होती, दुकानदाराशी तासभर भांडून, निम्म्या किमतीत. आईच्या इस्त्रीने अण्णा ती चिकटवत होता. सुरकुत्या विरत होत्या, पंख मृदंगासारखा ताणला जात होता. मग एकाएकी तो पिळला आणि त्याचं एक टोक वर उचललं गेलं.

"घालवलीस ना वाया!" मी ओरडलो. "तुला काय, भांडलो मी!"

"थांब डा, दोन मिनिटं दे. सरळ होतो तो," अण्णा तमिळ वळणाने म्हणाला.

मला ती सारवासारव वाटली. पंख हिसकावून मी गुडघ्यावर मोडला. इस्त्री बंद करून अण्णाने तुकडे गोळा केले. पुढे तो मस्कतला गेला. पुन्हा त्याने विमान बांधलं नाही. गेल्या वर्षी तिकडेच वारला.

परवा त्रिचीत एका गिऱ्हाइकाच्या घरी असाच वाकडा झालेला पंख पाहिला. त्याने तो उलट्या बाजूला पिळून धरला, वरून इस्त्री फिरवली, आणि पंख सरळ झाला. मला तिथे उभं राहवेना.

माझा राग अजून अण्णावरच आहे. एवढं ठाऊक होतं तर माझा हात धरायचा होता. एक थोबाडीत द्यायची होती. मोठा होता तो.