तरी चालेल

"ऊठ तिथून. तुला सांगितलं होतं ना?"

शाळेच्या स्नेहसंमेलनात, भरल्या मंडपात, संस्थाचालकांची बायको माझ्यासमोर उभी राहून हे म्हणाली. शाळेत सगळे तिला वहिनी म्हणतात. मी पहिल्या रांगेत बसले होते. स्टेजवर माझ्या दुसरीच्या मुलांचा नाच चालला होता. सराव मीच घेतला होता, म्हणून मुलं माझ्याकडे बघून पावलं टाकत होती.

मी उभी राहिले. म्हणाले, "मला आधी कोणी ऊठ म्हणून सांगितलं नव्हतं."

खरं तेच म्हणाले. वहिनी पालकांकडे वळली. "बघा. एवढंही कळत नाही, आणि ही आपल्या पोरांना शिकवते."

पालक हसले. सगळे नाही, पण हसले. तेवढ्यात कुणीतरी माझी खुर्ची उचलून नेली. मी मंडपाच्या कडेला बांबूला धरून उभी राहिले. स्टेजवरची मुलं मला शोधत होती. त्यांची पावलं चुकली.

मला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. मी स्वतःत मग्न नसते, समोरच्याच्या शब्दांत अडकलेली असते. एक वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात त्याचे चार-पाच अर्थ उभे राहतात. बाकीच्यांना एकच दिसतो आणि ते पुढे जातात. मी एकेक तपासत बसते. नोकरीला लागतानाच मी हे मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. काही हरकत नाही, म्हणाले होते.

त्या दिवशी सकाळी तेच सर मला म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही मागे बसलात तरी चालेल."

मी विचार केला. मोठा आवाज मला सोसत नाही, हे सरांना माहीत होतं. स्पीकर पुढेच लावले होते. म्हणजे सर माझी काळजी करतायत. मी थँक्यू म्हटलं. कानात कापूस घालते, पण मुलांसाठी पुढेच बसते, असंही सांगितलं. सर तसेच निघून गेले.

म्हणजे अंदाज मी केला होता. आगापिछा बघूनच केला होता. माणूस चांगला आहे असं धरून केला, तेवढंच चुकलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. बोर्लीजवळच्या आमच्या बुद्धवाडीत आई ओटीवर सुपारी सोलत बसली होती. तिची सगळी उमर एका बागायतदाराच्या वाडीत राबण्यात गेली. माझं बोलणं संपायच्या आत तिला कळलं होतं. माझ्यानंतर नोकरीला लागलेल्या बाई पुढे बसल्या होत्या का, एवढंच तिने विचारलं. बसल्या होत्या.

"त्यांना आपली मानसं शेजारी नको आसतात," आई म्हणाली. "तोंडानं कोन म्हनंल? आमाला कवा कोनी ऊठ म्हनलं न्हाय. मालक खाकरला की आमी आधीच उठायचो. तू पन शिक."

ती मला वाचवायला बघत होती. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. मालकाचा खोकला, मालकिणीची भुवई, पायरव, आईला सगळ्याचा अर्थ लागायचा. मला वाटायचं, केवढी हुशारी. त्या दिवशी कळलं, ती भीती होती. त्यांनी मनात ठेवायचं, आम्ही ओळखायचं. ओळखलं नाही तर अक्कल आमची काढायची.

सोमवारी सरांनी बोलावलं. वहिनी आधीच येऊन बसली होती. सरांचा आवाज अगदी मऊ होता. "सोपं आहे, मॅडम. तुम्हाला तो त्रास आहे, म्हणून सांगितलेलं लक्षात आलं नाही, एवढं म्हणा. माफी मागा. विषय संपला."

माझा ऑटिझम त्यांना पोतेऱ्यासारखा हवा होता. सांडायचं त्यांनी, पुसायचं माझ्या आजाराने. आणि तो आजारसुद्धा नाही.

मी ओढणी सारखी केली. म्हणाले, "सर, तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळलंय. मी मागे का बसायचं, ते मला शब्दांत सांगा."

सरांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीने खिडकीकडे.

"तसं काही नव्हतं," सर म्हणाले.

"मग कसं होतं?"

न बोलता सगळं समजणारी माणसं ती, त्यांना आता बोलता येईना. शेवटी वहिनी माझ्याशी नाही, सरांशी बोलली. "हिला आवरा."

मी माफी मागणार नाही, एवढं सांगितलं आणि वर्गावर गेले. फळ्यावर तारीख लिहिताना खडू दोनदा तुटला.

माझी नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची; जूनमध्ये मला बोलावलं नाही. यंदा गरज नाही, म्हणाले. आई बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. नंतर पालीच्या एका शाळेत मुलाखतीला गेले. मी सूचक बोलणं धरत नाही, काम सरळ शब्दांत सांगावं लागेल, हे बसल्या बसल्या सांगितलं. तीही नोकरी मिळाली नाही. पुढच्या मुलाखतीतही हेच सांगणार आहे.

खाकरणं, भुवया, 'तरी चालेल', यातलं काही मी शिकणार नाही. येत नाही म्हणून नाही. नको म्हणून. तुमच्या मनात जे आहे ते तोंडाने म्हणा, माझ्यासमोर, लोकांच्या देखत. मग मी उत्तर देईन. म्हणायची लाज वाटत असेल, तर ती लाज तुमची आहे. ती ओळखून मी उठणार नाही.