परत येण्याचा नियम

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. चौदा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, त्यामुळे ऐकीव गोष्टींची चीडच जास्त. म्हणून इथे फक्त मी पाहिलेलं आणि ज्याच्यावर बेतलं त्याने मला सांगितलेलं लिहितो आहे.

मेहकरला आम्ही चार मित्र दर रविवारी दुपारी माझ्या घरी एक गेम खेळत असू. मी गोष्ट चालवायचो, बाकीचे तिघे त्यातली पात्रं व्हायचे, आणि पात्राला काय जमलं, काय फसलं ते फासे ठरवायचे. त्यातला प्रशांत सुलतानपूरच्या शाळेत शिक्षक. त्याला लांडगा होणारा माणूस खेळायचा होता. तसे नियम आमच्याकडे नव्हते, म्हणून मी वहीत लिहिले. ताकद दुप्पट, जखम लगेच भरणार... पात्र फारच भारी झालं, तेव्हा त्याला किंमत लावली. नियम चार — लांडगा झाल्यावर फाशावर एक पडला, तर पाळलेलं जनावर त्याला ओळखणार नाही.

पहिल्याच रविवारी एक पडला. संध्याकाळी प्रशांतचा फोन. त्याचा नऊ वर्षांचा कुत्रा मोत्या फाटकात त्याच्यावर गुरगुरत होता.

"तुहा नियम घरापर्यंत आला बे!" तो हसत होता.

दुसऱ्या रविवारी पुन्हा एक. मोत्या दोन दिवस बाजेखालून निघाला नाही. साबण बदलला का, दुसरं कुत्रं अंगाशी आलं का — मी सगळं विचारलं. तसं काही नव्हतं.

तिसऱ्या रविवारीही एकच. खेळ संपवून घरी गेलेला प्रशांत अर्ध्या तासात माझ्या दारात परत आला.

"ओवी मले पाहून किंचाळली. जवळच येऊन नाही राह्यली." ओवी त्याची दोन वर्षांची मुलगी. "खरं सांग, चारच्या पुढं काय लिहिलं हाय?"

मी वही उघडून दिली. नियम पाच — तिसऱ्यांदा एक पडला, तर घरातलं लहान मूलही ओळखणार नाही.

तो नियम मी कोणाला वाचून दाखवलेला नव्हता.

"अन् परत माणूस व्हायचा नियम?"

तो मी लिहिलाच नव्हता. बदलण्यावर दोन पानं होती. परतण्यावर एक ओळ नाही.

"मंग लिही ना! पाहून काऊन राह्यला?"

लिहिलं — घरच्या मोठ्या माणसाने नावाने हाक मारली की तो परत येतो. प्रशांतचे आईवडील हयात नाहीत. घरात मोठी एकटी वैशाली, त्याची बायको.

आम्ही तसेच त्याच्या घरी गेलो. तो फाटकाबाहेर थांबला. वैशालीच्या खांद्यात तोंड खुपसून ओवी हुंदके देत होती, मोत्या पुन्हा बाजेखाली होता. मी वैशालीला नियम सांगितला.

"नाव?" वैशाली म्हणाली. "लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, भाऊजी. आता तुमच्या खेळापायी रस्त्यावर ओरडू?"

"घे ना वं," बाहेरून प्रशांत म्हणाला.

तिने शेजारच्या ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "प्रशांत." पुन्हा, मोठ्याने — "प्रशांत!"

ओवीने मान वर केली आणि फाटकाकडे दोन्ही हात पसरले. बाजेखालून मोत्या बाहेर आला.

सलग तीनदा एक पडू शकतो. कुत्रं बिथरतं, लेकरू रडतं. एकेक गोष्ट मी कोणालाही पटवून देईन. त्या ज्या क्रमाने घडल्या त्याचं स्पष्टीकरण मात्र माझ्याकडे नाही. गेम बंद झाला, वही आम्ही चुलीत घातली.

प्रशांत अजूनही शाळेतून आला की फाटकाबाहेर उभा राहतो. वैशाली नावाने हाक मारते, मगच आत जातो. एकदा तसाच जाऊन बघ, असं त्याला सांगायची माझी आजवर हिंमत झालेली नाही.