सरकारने शोधलेली सवत

माझ्या आईला सत्तरी ओलांडल्यावर सवत मिळाली. ती शोधून काढली अंधेरीच्या पेन्शन ऑफिसने. गोरेगावच्या आमच्या दोन खोल्यांत इतकी वर्षं आम्हाला तिचा पत्ता लागला नव्हता, आणि कोणी लपून राहावं एवढी जागाही त्या घरात नव्हती.

बाबा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. ते गेल्यावर त्यांची पेन्शन आईच्या नावावर व्हायची होती. तिला ती हवीच होती. माझी नोकरी बरी आहे, तिचा खर्च मला जड नव्हता, पण ते बोलायची सोय नव्हती. "मला तुझ्यापुढे हात पसरायचा नाही गो," एवढं ऐकवून ती विषय संपवायची.

नावांचा घोळ आमच्याकडे घरोघरी असतो. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, की जुनं नाव माहेरी परत गेलं. आईचं तर बदलणं भागच होतं, कारण त्याच नावाची नणंद सासरी आधीपासून होती. नवं नाव आजीने ठरवलं. बाबांनी ते ताटात लिहिलं आणि पुढे ऑफिसच्या कागदांवरही तेच दिलं, कारण ते नियमाने चालणारे होते. एवढं करून त्यांनी ते नाव टाकून दिलं. नणंद लग्न होऊन गेली आणि बाबा आईला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारू लागले. खिडकीतून, जिन्यावरून, शेवटी हॉस्पिटलच्या खाटेवरूनही तीच हाक. रेशनकार्ड, आधार, बँक, सगळं त्याच नावावर झालं. ही दोन्ही नावं मी इथे सांगणार नाही. त्यांचे पुरेसे हाल झालेत.

पहिल्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी फाइल उघडली. आत बाबांचा आणि आईचा जोडीने काढलेला फोटो होता. बाईंनी फोटो पाहिला, आईला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"फोटो तुमचाच आहे मावशी. पण नाव तुमचं नाही."

"नाव पण माझंच. लग्नातलं."

"मग आधारवरची कोण?"

"ती पण मीच."

यावर विचार करणं त्यांच्या कामात बसत नसावं. त्यांनी फाइलवर शेरा मारला: दोन पत्न्या असल्याचे दिसते. दिसते! समोर एक बाई उभी, हातात त्याच बाईचा फोटो, आणि यांना दिसतात दोन. मग खिडकीची काच ओढून त्या डबा खायला गेल्या. आतून मेथीच्या भाजीचा वास आणि हसणं, दोन्ही बाहेर येत होतं.

एकदा लिहिलेला शेरा खोडायला तिथे कोणी तयार नसतं. बाईंची बदली झाली, शेरा जागेवर राहिला. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र आम्ही वकिलाकडून करून नेलं. "हे तर तुम्ही स्वतःच सांगताय," म्हणून ते परत आलं. गॅझेटमध्ये छापून आणलं, तर गॅझेट आत्ताचं आणि लग्न तेव्हाचं, म्हणून तेही नको. लग्नाची पत्रिका आणा म्हणाले. एवढ्या जुन्या पत्रिका कोणाच्या घरी असतात? हेल्पलाइनवर कोणीतरी गोड आवाजात तक्रार लिहून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज यायचा, आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कोणाचं समाधान झालं, ते काही त्यात नसायचं.

आई प्रत्येक खेपेला इस्त्रीची साडी नेसायची. माणूस नीटनेटकं दिसलं की समोरचाही नीट बोलतो, असं तिला वाटायचं. मला सगळ्यात जास्त संताप याचाच यायचा. साडी सोडा, त्या लोकांनी तिच्या तोंडाकडेही कधी धड पाहिलं नाही.

शेवटी एक साहेब भेटले. हसतमुख, कपाळाला गंध, टेबलाच्या काचेखाली झाडून सगळे देव. फाइल चाळून त्यांनी आवाज बारीक केला.

"मॅडम, उगाच डोक्याला ताप करून घेतलात. रेकॉर्डवर दोन बायका आहेत ना? मग एकीने लिहून द्यायचं, माझी हरकत नाही. विषय संपला. गॅझेट बँकेला चालतं, दुसरीच्या नावाने खातं उघडा."

"एकीने म्हणजे कोणी लिहून द्यायचं?" मी विचारलं.

"अहो, यांनीच. दुसरी कुठून आणणार?" साहेबांनी डोळा मिचकावला.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून त्या मजल्यावर सगळ्यांनाच माहीत होतं. शेरा खोडायचा तर सही करावी लागते, सही केली की जबाबदारी येते, त्यापेक्षा एका म्हातारीचे दोन तुकडे करणं त्यांना सोपं होतं. मूर्ख माणसांना मी एक वेळ माफ केलं असतं. या गंध लावलेल्या माणसाची मला किळस आली.

साहेबांनी ड्रॉवरमधून छापील नमुना काढला. रिकाम्या जागी आईचं माहेरचं नाव भरायचं होतं. पुढे छापलेलं होतं: मृताशी माझा विवाह झालेला नाही, त्यांच्याशी माझा कोणताही संबंध नव्हता, त्यांच्या पेन्शनवर माझा हक्क नाही.

आईने चष्मा लावून ते सावकाश वाचलं. ज्या नावाने बाबा जन्मभर हाक मारत आले, त्याच नावाने तिला लिहून द्यायचं होतं की मी यांची कोणी नव्हे.

"आई, ऊठ," मी म्हटलं. "नको ते पैसे. मी आहे ना."

"तू आहेस गो, म्हणूनच तर हवेत," ती म्हणाली, आणि तिने सही केली.

साहेबांनी शिक्का मारला. ते कागद फाइलला लावणार, तेवढ्यात आई म्हणाली, "याची एक कॉपी मिळेल का?"

"कशाला हवी मावशी? झालं तुमचं काम."

"घरी यांच्या फोटोपुढे ठेवते. त्यांना पण कळू दे, आमचं काही नव्हतं म्हणून."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. "झेरॉक्स खाली गेटजवळ. पण ओरिजिनल लगेच आणून द्या, हरवू नका."

आईने कागद उचलला आणि माझ्यासाठी न थांबता ती जिना उतरू लागली.